कामठी रोडवरचे अक्षरं कोरणारे काका : आमच्या मिसच्या दगडाचा अनुभव

पाच पैकी पाच. उशीर झाला म्हणून अर्धा स्टार कापायचा विचार होता पण दगड बसलेला बघितल्यावर हात झाला नाही.

लांब लिहिणार आहे कारण कबरीचा दगड कुठे करायचा, किती पैसे लागतात, काय विचारायचं हे नागपुरात मला कोणी धड सांगितलं नाही, ज्याला विचारावं तो म्हणे मार्बलवाल्याकडे जा. आणि दगड ज्यांचा आहे त्या आमच्या शाळेतल्या मराठीच्या मिस, त्यांच्याबद्दल न सांगता हे काम कसं झालं ते सांगताच येणार नाही.

इंदोरा चौक मेट्रो स्टेशनला उतरायचं, कामठी रोडनेच पायी दहा मिनिटं. दुकानाला पाटी नाही. दुसऱ्यांच्या पाट्या करणाऱ्या माणसाची स्वतःची पाटी नाही, दारात उभे करून ठेवलेले दगड दिसले की समजायचं आलं. टिनाचं शेड, एक कंप्रेसर, काका आणि त्यांचा भाचा, बस. विहारातल्या दात्यांच्या नावांच्या फरश्या, घरांच्या पाट्या, समाध्या, कबरी सगळं करतात. मी गेले तेव्हा एका बाजूला दानदात्यांची चाळीसेक नावं असलेला मोठा दगड सुरू होता आणि काका एकेक नाव यादीशी बोट ठेवून जुळवून बघत होते. मला म्हणाले, "बसा ताई, पाच मिनटं. नाव चुकलं तं माणूस दगड परत घेऊन येते, अन् बरोबरच करते तो."

मी तिथेच ठरवलं की काम इथेच द्यायचं, कारण मी नुकतीच दुसरीकडून हात पोळून आले होते.

ते आधी सांगते. पहिलं दुकान मोठं होतं, शोरूमच, नाव घेत नाही. त्यांनी सांगितलं मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवा, पाठवला, आठ दिवसांनी फोटो आला, दगड तयार. त्यात "शिक्षिका" हा शब्द फुटलेला. पहिली वेलांटी श सोडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसलेली आणि क्ष चा क् वेगळा, ष वेगळा, मध्ये पाय मोडल्याची खूण. मी फोन केला तर म्हणाले मॅडम वाचता तर येतंय ना. नंतर मला कळलं असं का होतं ते. आपण मोबाईलवर जे टाइप करतो ते युनिकोड असतं, म्हणजे अक्षरं साठवायची नवी पद्धत, आणि बऱ्याच दुकानांत कोरेल ड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रामचं जुनं व्हर्जन आणि कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालतात, एकातून दुसऱ्यात मजकूर टाकला की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या सरकतात, रफार भलतीकडे जातो. मशीनला काही कळत नाही, ते समोर दिसेल ते कापतं. बघायला माणूस लागतो आणि तिथे तो नव्हता. ॲडव्हान्स गेला तो गेलाच.

पैसे गेल्याचं इतकं नाही वाटलं, पण तो फोटो मी दोन दिवस कोणाला दाखवला नाही. ज्या बाईने आयुष्यभर आमच्या वेलांट्या सरळ केल्या तिच्याच छातीवर अशी वेलांटी ठेवायची? आमच्या मिसना?

मिस मूळच्या वसईच्या. वसईच्या कॅथलिक घरांमधून अनेक मुली कॉन्व्हेंटमध्ये जायच्या, तशा त्या एकोणिसाव्या वर्षी गेल्या, १९६५ साली. आधी उमेदवारी, मग नॉव्हिशिएट म्हणजे शिकाऊ काळ, मग थोड्या वर्षांची व्रतं आणि सगळ्यात शेवटी कायमची, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन. कायमच्या व्रतांआधी वसईच्या वाडीतला वाटा त्यांनी भावाच्या नावावर करून दिला होता. संस्थेने नागपूरला पाठवलं, इथे शिकवायला लागल्या आणि एकूण एकोणीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये राहून १९८४ साली त्या बाहेर पडल्या. का, ते आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मोठं झाल्यावर आम्हीही विचारलं नाही. एवढंच सांगायच्या की भांडून नाही निघाले, पत्र लिहून, परवानगी घेऊन निघाले. परवानगी म्हणजे साधी नाही, कायमची व्रतं घेतलेल्या सिस्टरला बाहेर पडायला चर्चकडून रीतसर मोकळीक घ्यावी लागते, रोमपर्यंत कागद जाऊ शकतो. आणि १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, स्पष्ट आहे की बाहेर पडणाऱ्याला तिथे केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, मात्र संस्थेने त्याच्याशी न्यायाने आणि मायेने वागावं. मिसना सुरुवातीच्या भाड्यापुरते पैसे संस्थेने दिले होते, हे त्या आवर्जून सांगायच्या, कोणी सिस्टर लोकांबद्दल वाकडं बोललं तर लगेच.

म्हणजे अडतीस वर्षांची बाई, एक ट्रंक, दोन साड्या, मोहन नगरात एक खोली. बँकेत पहिलं खातं अडतिसाव्या वर्षी उघडलं. आणि आमच्या मराठी शाळेत नोकरी. पहिल्या पगारातून त्यांनी छत्री घेतली, पोपटी रंगाची, कारण कॉन्व्हेंटमध्ये सगळ्यांच्या छत्र्या काळ्या आणि सारख्या असायच्या आणि कोणती कोणाची ते दांड्याला बांधलेल्या दोऱ्यावरून ओळखायचं. आम्ही आठवीत होतो तेव्हा ती छत्री उन्हाने फिकट होऊन जवळजवळ पिवळी झाली होती, तरी तीच. एप्रिलच्या कडक उन्हात गड्डीगोदामकडून चालत येणारी ती छत्री शाळेच्या गच्चीवरून दिसायची आणि आम्ही पळत वर्गात जाऊन बसायचो.

आमच्या शाळेत सगळ्या "बाई" होत्या. जोशी बाई, मेश्राम बाई, तशा. त्यांना पहिल्या वर्षीच्या मुलांनी सिस्टर म्हणायला सुरुवात केली होती, कुठून तरी कळलंच होतं, त्यांनी शांतपणे सांगितलं की आता मी सिस्टर नाही. मग काय म्हणायचं? कोणीतरी मिस म्हणालं आणि तेच राहिलं. अख्ख्या शाळेत मिस एकच. आडनाव लावायची गरजच नव्हती.

त्या मराठी शिकवायच्या. वसईच्या घरात बोली वेगळी, कॉन्व्हेंटमध्ये सगळं इंग्रजी आणि नागपुरात आमची अर्धी हिंदी मराठी, आणि ही बाई मराठी शिकवायची. आमची अक्षरं बघून त्या थांबायच्या. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी इथे बाजारात आहे, पाट्यांवर आहे, आमच्या बोटांतही होती. आम्ही ल काढायचो तो हिंदीतला, दांडीचा. मिस म्हणायच्या मराठीतला ल पाकळीचा, दोन पाकळ्या, मध्ये देठ. श सुद्धा देठाचा. २००९ च्या नोव्हेंबरात सरकारने जीआर काढून पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं म्हणून ठरवली तेव्हा मिस रिटायर होऊन पाच वर्षं झाली होती, मी पेपरचं कात्रण घेऊन गेले होते, त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाल्या, चला, आता शिक्षकांचं काम सोपं होईल.

आठवीत त्यांनी आम्हाला कित्ता गिरवायला लावला. आठवीत! घरी सांगितलं तर आई हसली. प्रत्येकाच्या वहीत पहिली ओळ मिस स्वतः लिहून द्यायच्या, पन्नास मुलांच्या पन्नास वह्या, आणि खाली आम्ही. दुसऱ्या दिवशी लाल पेनाने त्या चुकीच्या ल वर काहीच करायच्या नाहीत. सगळ्या ओळीत जो एक सगळ्यात बरा जमला असेल त्याच्याखाली बरोबरची छोटी खूण. फक्त त्या एकाखाली. मग आपणच शोधायचं की यात काय बरोबर झालं आणि बाकीच्यात काय राहिलं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर अकराव्या ल ला खूण आहे. ती वही माझ्याकडे आहे, लग्न झालं, तीन घरं बदलली, ती आहे.

मिस दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये गेल्या. जरीपटक्याच्या ख्रिश्चन कब्रस्तानात पुरलं, तेव्हा नुसता लाकडी क्रॉस होता. आमच्या बॅचने लगेच पैसे काढले होते दगडासाठी, पण काकांकडून कळलं की लगेच करायचा नसतोच. नव्या कबरीची माती बसायला वेळ लागतो, त्यात नागपूरची काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात फुगते, घाईने बसवलेला दगड एका पावसाळ्यात तिरपा होतो किंवा मधून तडकतो. किमान एक पावसाळा जाऊ द्यायचा, दोन गेले तर अजून चांगलं. मग काळी माती थोडी काढून मुरूम ठोकायचा, त्यावर काँक्रीटचा थर आणि त्यावर दगड. आणि सगळ्यात आधी पॅरिश ऑफिसात, म्हणजे चर्चच्या कचेरीत, जाऊन परवानगी आणि मापं घेऊन यायची, आपल्या मनाने दगड करून नेऊ नका. हे काकांनी पहिल्या भेटीत ऑर्डर घ्यायच्या आधी सांगितलं. पावसाळे आमचे दोन झालेले होते.

दगड कोणता? मला पांढरा मार्बल हवा होता, सिस्टर लोकांचा पांढरा रंग डोक्यात होता बहुतेक. काकांनी मार्बलचा एक तुकडा घेतला, त्यावर बाथरूमच्या ॲसिडचा एक थेंब टाकला, फेस आला. मग काळ्या ग्रॅनाइटवर टाकला, काही नाही. म्हणाले मार्बल म्हणजे चुन्याचाच भाऊ, हळूहळू झिजते, अक्षराच्या कडा आधी जातात, अन् तुमच्या लोकायची मेणबत्ती राहते, तिचं मेण मार्बल पिऊन घेते, डाग जात नाही. हे मला पटलं कारण २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, त्या कब्रस्तानात प्रत्येक कबरीवर मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं असतात आणि जुन्या मार्बलवर ते पिवळे डाग मी बघितलेत. ग्रॅनाइटवरचं मेण गार झालं की प्लास्टिकच्या कार्डाने निघतं. जेट ब्लॅक घेतला, चमकीचे ठिपके असलेला ब्लॅक गॅलेक्सी नको म्हणाले, तो आंध्रातल्या चिमाकुर्तीचा दगड आहे, दिसायला भारी, पण बारीक अक्षरं त्या चमकीत हरवतात. महाग दगड विकायचा सोडून नको म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघितला.

अक्षरं दोन प्रकारे होतात. एक सँडब्लास्ट, म्हणजे दगडावर रबराचं शीट चिकटवून त्यात अक्षरं कापतात आणि कंप्रेसरने वाळूचा मारा करतात, पटकन होतं, स्वस्त, पण खोली कमी असते, वाचायला रंगाचाच आधार आणि रंग तीन-चार उन्हाळ्यांत जातो. दुसरं हाताने, कार्बाइडच्या टोकाची छिन्नी घेऊन. त्यात खाच इंग्रजी व्ही सारखी पडते, मग रंग उडाला तरी उन्हाची सावली खाचेत पडते आणि अक्षर वाचता येतं. मशीनचं एक अक्षर १५ रुपये, हाताचं ४०. जोडाक्षर एकच धरतात, काना-मात्रा-वेलांटीचे वेगळे पैसे नाहीत, अंकसुद्धा अक्षरच. क्रॉसचे पैसे घेतले नाहीत, कोणत्याच धर्माच्या खुणेचे घेत नाहीत म्हणे.

आता मजकूर. इथे आमचं तीन आठवडे अडलं होतं आणि काकांनी ते पाच मिनिटांत सोडवलं म्हणून हे सविस्तर सांगते. मिसना नावं दोन होती. बाप्तिस्म्याचं एक, आणि व्रतं घेतली तेव्हा संस्थेत मिळालेलं दुसरं, त्या काळी सिस्टर होताना नवीन नाव मिळायचं. बाहेर पडल्यावर त्या परत आपलं पहिलं नाव वापरायला लागल्या. ग्रुपवर दोन तट. एक मैत्रीण म्हणे एकोणीस वर्षं दिली त्यांनी, "सिस्टर" लिहिलंच पाहिजे नाहीतर तो काळ पुसल्यासारखा होईल. दुसरा म्हणे त्या स्वतःच नाही म्हणाल्या होत्या, आपण कोण लावणारे. वसईला त्यांच्या पुतण्याला फोन केला, तो म्हणाला आत्याला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता, तुम्हीच ठरवा. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या आणि अजून वाटतात.

काका सगळं ऐकून घेत होते, हातातलं काम चालूच. मग विचारलं, "बाईले शेवटी दवाखान्यात भेटायले कोण जात होतं?" मी म्हटलं आम्हीच, शाळेतली मुलं. "मंग तुमी आत जाऊन काय म्हणून हाक मारत होते?" मी म्हटलं मिस. "मंग झालं ना जी."

वर क्रॉस, खाली बाप्तिस्म्याचं नाव, दोन सालं, शिक्षिका, वसई आणि नागपूर, आणि शेवटची ओळ "शाळेतल्या मुलांच्या मिस". नाव इथे लिहीत नाही, ते दगडावर आहे.

आणि या शेवटच्या ओळीत ल आला. दोनदा. एकदा ल्या मध्ये, एकदा लां मध्ये. काकांनी कागदावर ओळ काढून दाखवली, सुंदर होती, सगळं शुद्ध, पण ल दांडीचा. मला बोलायला जरा संकोच वाटला, त्यांचं वय साठीच्या पुढे, हात आयुष्यभराचा. तरी सांगितलं, मिसचा ल असा नव्हता. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मले तो ल हातात नाही, आमच्याकडं सगळे हाच मागतात. बाईच्या हातचा आहे का कुठं?"

दुसऱ्या दिवशी मी ती आठवीची वही घेऊन गेले. त्यांनी हात धुतले, पुसले, मग वही घेतली. मिसची पहिली ओळ बराच वेळ बघितली आणि बोटाने हवेत काढून बघितली, आधी डावी पाकळी, मग उजवी, मग देठ. ट्रेसिंग पेपरवर ल आणि श उतरवून घेतले आणि वही लगेच परत दिली, धुळीत ठेवू नका म्हणाले.

यातच उशीर झाला. बारा दिवस सांगितले होते, एकोणीस लागले आणि मधले चार दिवस फोन उचलला नाही, २ नोव्हेंबर जवळ येत होता, मी घाबरून न सांगता गेले. काका खाली बसलेले, समोर एक तुटका ग्रॅनाइटचा तुकडा, त्यावर ल ची ओळ. एकाखाली एक नाही, एका रेषेत, वहीत असते तशी. पहिले दोन-तीन जाड, पाकळ्या फुटलेल्या, कारण ग्रॅनाइटमध्ये गोल वळण हाताने काढणं फार अवघड, दगड कडेला टवका सोडतो. मग हळूहळू सुधारत गेलेले. मी विचारलं हे काय, तर म्हणाले कित्ता गिरवून राहिलो ताई, तुमच्या बाईचा, तिच्या दगडावर शिकू का मी?

मी तिथे उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू. भाच्याने पाणी आणून दिलं.

हिशोब सांगते, दोन फूट बाय दीड फूट. अक्षरं ४१, हाताची, म्हणून १,६४० रुपये. दगड आणि पॉलिश ३,६००. खालचा थर, मजुरी, नेऊन बसवणं ३,४००. एकूण ८,६४० झाले, त्यांनी ८,६०० घेतले. रोख किंवा यूपीआय. छापील बिल देत नाहीत, वहीच्या कागदावर लिहून देतात, ज्यांना बिल लागतं त्यांनी आधी बोलून घ्या. शेडमध्ये धूळ खूप आहे, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तोंडाला रुमाल बांधून जा. आणि त्यांनी दिलेल्या तारखेत एक आठवडा आपला धरा. देखभाल म्हणजे नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, ॲसिड कधीच नाही, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवरही नाही.

दगड ३१ ऑक्टोबरला बसला. २ तारखेला आम्ही सतरा जण होतो. मिसच्या जुन्या संस्थेतल्या दोन सिस्टर पण आल्या, दोघी ऐंशीच्या पुढच्या, एकीला व्हीलचेअरवरून आणलं होतं. त्या आपसात मिसना त्या दुसऱ्या नावाने बोलत होत्या, कॉन्व्हेंटमधल्या. मला भीती होती की दगडावर ते नाव नाही म्हणून त्यांना वाईट वाटेल. व्हीलचेअरवरच्या सिस्टरनी शेवटची ओळ मोठ्याने वाचली, थांबून थांबून, त्या मूळच्या केरळच्या, आणि विचारलं ही सगळी मुलं तुम्हीच का? आमच्यातला एक आता बावन्न वर्षांचा आहे, केस पांढरे, तो हो म्हणाला, हात बांधून, वर्गात उभं राहतात तसा.

मागच्या आठवड्यात मी काकांकडे मिठाई घेऊन गेले होते. तो तुटका तुकडा अजून दारात टेकवलेला आहे, गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलाय म्हणाले, दोघांनी तसाच ल मागितला आतापर्यंत. गेलात तर बघा. सातव्या ल पासून हात बसलेला दिसतो आणि नववा सगळ्यात चांगला जमलाय. मी त्यांना विचारून लाल खडूने त्याच्याखाली बरोबरची खूण केली आहे.